उरल्यासुरल्या गोळ्या

महिन्यातून एकदा, केरवारे आटोपले की सासूबाई औषधांचा डबा घेऊन खिडकीशी बसत. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकणावरचं चित्र केव्हाच पुसून गेलेलं. गोळ्यांना ऊन दाखवायचं नसतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. धान्याला दाखवतात, गाद्यांना दाखवतात, तसं त्या गोळ्यांनाही दाखवत. मांडीवर फडकं पसरून अर्ध्या पट्ट्या, चतकोर पट्ट्या, कात्रीनं कापून ठेवलेल्या एकेकट्या गोळ्या त्यावर मांडत. तांबड्या-पिवळ्या कॅप्सूल घशाच्या, लांबट पांढऱ्या दाढेच्या, गुलाबी जखमेच्या. औषधांच्या नावांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. गोळी कुणाच्या कोणत्या दुखण्यातून उरली, एवढं लक्षात असलं की झालं.

"मावशी, दवाखाना उघडला का?" समोरच्या खिडकीतून हाक आली. समोर राहणारी बाई दिवसभर शिवणयंत्रावर बसलेली असे, म्हणून गल्लीत तिला सगळे मशीनवालीच म्हणत.

"उघडला. तुला काय झालंय?"

"मला काय होतंय! यांच्या तोंडाला चव नाही म्हणतात."

"त्याला माझ्याकडे गोळी नाही गं बाई. ती तुझ्या स्वयंपाकाची तक्रार आहे."

दोन्ही खिडक्यांतून हसू सांडलं. गल्लीत सासूबाईंना कौतुकानं 'डॉक्टरीण' म्हणत. अडीअडचणीला बायका जिना चढून येत, कानाशी काहीतरी कुजबुजत, आणि मुठीत दोन गोळ्या घेऊन जात.

या घराची एक रीत होती. पुरुषाला ताप आला की दवाखाना. लेकराला आला की दवाखाना. बाईला आला की डबा. सासूबाईंना ही रीत त्यांच्या सासूनं दिली होती, आणि तिच्यासोबत एक शहाणपणही दिलं होतं. डॉक्टर लिहून देतात तितकी औषधं कोणी घेत बसायचं नसतं. उतार पडला की थांबायचं आणि राहिलेली ठेवून द्यायची. उरलेलं जेवण जसं शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात, तशी उरलेली गोळी बाईच्या पोटात. यात कोणाला अन्याय दिसत नव्हता. उलट याला काटकसर म्हणत, संसारी बाईची अक्कल म्हणत. आणि दवाखान्यात जाऊन परक्या माणसाला काय काय सांगत बसण्यापेक्षा हे बरं, असंही म्हणत.

घराखालीच मुलाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट अंधारी खोली, पाण्याचे आणि आम्लाचे हौद, आणि पॉलिशचं एक चाक. मुलगा नळांना, कड्यांना, दारांच्या मुठींना मुलामा देई. चाकावर सून बसे. पितळ घासून घासून ती आरशासारखं करी, कारण खालचा धातू निर्मळ नसेल तर वरचा मुलामा धरत नाही. घासलेल्या नळाला चुकून कोणाचं बोट लागलं तर तो नळ ती पुन्हा धुवायला लावी. "आत्ता नाही दिसायचा डाग," ती म्हणे. "पोपडा सुटला की दिसेल. मग गिऱ्हाईक बसलंय आपल्या नावानं बोटं मोडत!"

आदल्या वर्षी धुण्याच्या हौदापाशी सांडलेल्या पाण्यावरून ती घसरली आणि तिचं खुब्यातलं हाड मोडलं. ते जुळून येईना, तेव्हा सर्जनांनी सांधाच नवा बसवायचं ठरवलं. सांधा निवडायच्या दिवशी मुलगा त्यांच्यासमोर गिऱ्हाईक म्हणून नव्हे, एकाच धंद्यातला भाऊबंद म्हणून बसला.

"वरचा मुलामा कसला?" त्यानं आधी हेच विचारलं.

सर्जन हसले. खालचा धातू मुद्दाम खडबडीत ठेवलेला, हाडानं त्याला लवकर धरावं म्हणून. आणि वरून चांदीचा अगदी पातळ थर, जंतू चिकटू नयेत म्हणून.

"चांदी! मग काय बघायचं! मुलामा पक्का असला की आतल्या धातूला मरण नाही साहेब."

सर्जन पुढंही बोलत होते. हा थर सुरुवातीचा पहारेकरी आहे, जन्माचा नाही. पुढं कधी दात सडला, जखम चिघळली, लघवीला जळजळ झाली, तर घरी काही न घेता तडक इकडे आणायचं. कुठल्याही वाटेनं रक्तात गेलेले जंतू सांध्यावर येऊन बसतात. मुलानं मान हलवली. दात आणि जखम त्यानं घरी येऊन सांगितली. लघवीचा शब्द मात्र बायको आणि आई यांच्यासमोर उच्चारायचा कसा, म्हणून त्यानं तो तिथंच सोडला.

सून काठीशिवाय चालू लागली त्या दिवशी घरात केवढा आनंद! सासूबाईंनी महिनोन्महिने तिला धरून चालवलं होतं, तिची पावलं चोळली होती, तिची वेणी घातली होती. लहानपणीच आई गेलेल्या त्या पोरीला एवढं कोणी केलं नव्हतं. "मी आता आपल्या नळांच्या जातीची झाले," ती म्हणाली. "गंजायची भीती नाही!"

"सगळीकडे मुलामा झाला," सासूबाई म्हणाल्या, "तेवढा तोंडाला द्यायचा राहिला."

नात टाळ्या पिटत दोघींभोवती फिरली. सारखी फिरायची म्हणून तिला भिंगरी म्हणत.

त्यानंतर काही महिन्यांची गोष्ट. दुपारी सून कारखान्यातून वर आली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

"आई, परत तसंच होतंय."

"जळजळ?"

"हळू बोला ना. हे जिन्यात आहेत."

सासूबाईंनी नळ सोडला. बायकांच्या दुखण्याचं बोलणं या घरात असंच व्हायचं, वाहत्या नळाखाली, पाण्याच्या आवाजात आवाज बुडवून.

"पाणी कमी पितेस तू. आणि दिवसभर त्या चाकावर बसतेस, उठत नाहीस."

"उठून जाऊ कुठं? खाली सगळे बाप्ये. जिना चढून वर यायचं तर पाय दुखतो."

सासूबाईंनी डबा काढला. मागच्या खेपेला मुलाच्या दाढदुखीतल्या गोळ्या दिल्या होत्या. या खेपेला भिंगरीच्या घशाच्या दुखण्यातल्या उरल्या होत्या, त्या दिल्या. दुसऱ्या दिवशी जळजळ थांबली. थांबली म्हणून गोळी थांबली, आणि उरलेली परत डब्यात गेली.

पण ती जळजळ गेली तशी परत आली. मग वेगळ्या रंगाची गोळी. पुन्हा गेली, पुन्हा आली. दर खेपेला बरं वाटायला आधीपेक्षा वेळ लागतो, हे दोघींच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्याला त्यांनी कधी वयाचं नाव दिलं, कधी कामाचं, कधी पाण्याचं. डॉक्टरांकडे जायचं तर मुलाला सांगावं लागणार, मुलाला सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागणार. त्यापेक्षा गोळी गिळणं सोपं होतं.

मग खुबा दुखू लागला. सून चाकावरून उठताना ओठ दाबून उठे. संध्याकाळी अंगात कणकण असे. नव्या इमारतीच्या नळांचं मोठं काम आलेलं. ते पुरं झालं की सर्जनांना दाखवू, असं मुलगा म्हणाला, आणि सुनेनं लगेच मान हलवली. सासूबाईंनी डबा पालथा घातला आणि त्यातल्या सगळ्यांत 'जहाल' कॅप्सूल शोधून काढल्या. पलीकडच्या घरातला म्हातारा दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याच्या उरल्या होत्या.

"ह्या घे. ह्यांनी म्हातारा उठून बसला होता."

"म्हाताऱ्याची गोळी मला चालेल?"

"गोळीला काय कळतंय, बाई आहे की बाप्या?"

सून हसली. सासूबाईंना पुढं आयुष्यभर ते हसू आठवायचं होतं. त्या कॅप्सूलनी ताप खरोखरच उतरला. चारच होत्या. चार संपल्या आणि ताप आला तो दात वाजवत आला. घासता घासता सुनेच्या हातातला नळ चाकावरून उडाला, भिंतीवर आपटला, आणि ती तिथंच बाकावर आडवी झाली.

दवाखान्यात सर्जनांनी खुबा दाबून पाहिला. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून? आणि घरी काय काय घेतलं? कुठलीही गोळी असेल, लपवू नका. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे."

खाटेशेजारी मुलगा उभा होता. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक झाला होता. त्यांच्या ओठांवर आलेलं तिनं पाहिलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली, "काही नाही घेतलं डॉक्टर."

"नक्की?"

"अहो साहेब, ती साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही," मुलगा अभिमानानं म्हणाला.

सासूबाई देवाधर्माची बाई. खोटं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्या दिवशीही त्या खोटं बोलल्या नाहीत. फक्त गप्प राहिल्या.

नेहमी देतात ते औषध शिरेतून सुरू झालं. खुब्यातलं पाणी काढून तपासायला गेलं. ताप हटेना. औषध आत जात होतं आणि जणू कशावर तरी आपटून परत येत होतं. तपासणीचा निकाल आला तर त्यात काहीच नाही. सर्जन व्हरांड्यात मुलाला म्हणाले, "सांध्यात पू आहे, पण प्रयोगशाळेत जंतू उगवत नाहीत. त्याशिवाय कोणतं औषध लागू पडेल ते मला कळणार कसं? असं होतं ते माणसानं आधी गोळ्या घेतल्या असल्या तर. पाण्यातले मरतात, सांध्याला चिकटलेले लपून राहतात. पुन्हा विचारतो, काही घेतलं होतं?"

"देवाशपथ नाही साहेब."

देवाची शपथ कानावर पडली तशा बाकावर बसलेल्या सासूबाई उठल्या. कोणाला काही न सांगता घरी आल्या, डबा पिशवीत घातला आणि परत निघाल्या. मुलगा चहाला गेलेला पाहून त्यांनी डबा सर्जनांच्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं, आणि तिथंच खाली बसल्या.

"ह्यातलं सगळं तिच्या पोटात गेलंय," त्या म्हणाल्या. "लघवीला जळजळ व्हायची. मी दिलं. थोडं थोडं."

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर शेजारीच होत्या. त्यांनी सासूबाईंना उठवून खुर्चीवर बसवलं. सर्जन एकेक पट्टी उलटीसुलटी करून वाचत होते. वाचता वाचता त्यांचा हात मंदावला.

"आजी, तुम्ही घरी पाण्याचं पिंप घासता?"

"रोज."

"आतला बुळबुळीत थर नुसतं पाणी ओतून जातो?"

"नाही हो. हात घालून खरवडावा लागतो."

"तसाच थर सांध्यावर धरलाय. जंतू सुटे असले तर औषधाच्या हाती लागतात. पण एकदा त्यांनी वस्ती केली आणि अंगावर ती साय ओढून घेतली, की औषध वरून वाहून जातं."

"सांध्यावर चांदी होती ना? माझा मुलगा म्हणायचा..."

"होती. ऑपरेशननंतर जागा धरायची शर्यत असते, हाड आधी की जंतू आधी. ती शर्यत चांदीनं जिंकून दिली होती. तिचं काम तिनं केलं. हे जंतू मागाहून आले, लघवीच्या वाटेनं, रक्तातून. आणि हे..." त्यांनी डब्याकडे पाहिलं. "मरतील इतकं औषध त्यांना कधी मिळालंच नाही. सोसायला शिकतील इतकंच मिळालं. दर वेळी नवं, दर वेळी अर्धवट. आता माझ्या हातात फार थोडी औषधं राहिलीत, जी त्यांना ओळखीची नाहीत."

"घेतला वसा टाकू नये म्हणतो ना मावशी," थोरल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "औषधाचाही वसाच असतो."

सासूबाईंनी जन्मात एक नेम अर्धा सोडला नव्हता. ते बोलणं त्यांना सुरीसारखं लागलं.

"मी त्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

सर्जनांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि टेबलावरचा फोन उचलून प्रयोगशाळेला काही सूचना देऊ लागले. सासूबाईंना उत्तर मिळालं.

औषधं बदलली. मुलाला आपण स्वतः सांगू, असं सासूबाईंनी सर्जनांकडून मागून घेतलं. सांधा काढून टाकून आतली जागा खरवडून धुवायचं ठरलं. ऑपरेशनला नेण्याआधी सासूबाई सुनेजवळ बसल्या. तिचे केस कपाळाला चिकटले होते. त्यांनी बोटांनीच ते मागं सारले, वेणी घालू लागल्या.

"तुम्ही डबा आणलात म्हणे," सून पुटपुटली. "सिस्टर बोलल्या."

"का खोटं बोललीस पोरी?"

"हे तुम्हाला बोलले असते. तुम्ही वाईटासाठी दिलं का? माझ्या आईनंही तेच दिलं असतं." ती थांबली. श्वास पुरत नव्हता. "यांना सांगू नका हं. मी बरी होऊन आले की हसू आपण."

"हो गं."

"आई... भिंगरी मोठी होईल आता. तिला असं काही झालं तर..." तिनं सासूबाईंचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण डोळ्यांत होता. "तिला नळ सोडून बोलायला लावू नका."

सासूबाईंची अर्धी वेणी हातातच राहिली. खाट न्यायला माणसं आली होती.

सांधा निघाला. सर्जनांनी जेवढं खरवडून काढता येईल तेवढं काढलं. पण विष तोवर रक्तात भिनलं होतं. एक औषध मूत्रपिंडांना सोसेना, दुसरं जंतूंना शिवेना. सून शुद्धीवर आली ती अर्धीमुर्धी. एकदा तिनं पाणी मागितलं, एकदा भिंगरीची शाळा सुटली का विचारलं. पहाटेची सकाळ होताना ती गेली. सुरुवात साध्या जळजळीची, वय जाण्याचं नाही. आणि माणूस गेलं.

घरी माणसं जमली. बायका आतल्या खोलीत भिंतीला टेकून, पुरुष बाहेर जिन्याच्या तोंडाशी. जो तो आपापल्या परीनं दुःखाला नाव देत होता. कोणी नशीब म्हणालं, कोणी नजर लागली म्हणालं. भिंगरी कोपऱ्यात आईची शाल पांघरून बसली होती. ती फिरत नव्हती.

आणि मग बाहेरून मुलाचा आवाज चढला.

"सांध्यात खोट होती! मुलामा कच्चा होता, मला शिकवतात? मी पोटापाण्याला मुलामा देतो. चांदी म्हणाले आणि काय लावलं देव जाणे. माझ्या बायकोला मारलं त्यांनी!"

"जाब विचारलाच पाहिजे," कोणी म्हणालं.

"नुसता जाब? खुर्चीतून ओढून बाहेर काढायचा त्याला."

कारखान्यातल्या लोखंडी सळया वर आल्या. एक मुलाच्या हातात, एक मशीनवालीच्या नवऱ्याच्या हातात. आत बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सासूबाईंना सर्जनांचा चष्मा पुसणारा हात दिसला; त्यांना खुर्चीवर बसवणाऱ्या थोरल्या सिस्टर दिसल्या. आणि गप्प राहिलं तर किती सोपं आहे तेही दिसलं. तिनंच सांगितलं होतं ना, यांना सांगू नका म्हणून? गेलेल्या जिवाचा शब्द होता. सगळं गाव त्यांच्या बाजूनं रडत होतं. कोणी कधी विचारणार नव्हतं.

त्या उठल्या. बायकांमधून वाट काढत बाहेर आल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या.

"आई, बाजूला हो. आत जा."

"आतच होते रे आजवर," त्या म्हणाल्या. "सांधा चांगला होता. मुलामाही चांगला होता. डॉक्टरांनी तिला मारलं नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाही तर कुणाला कळणार? तिला लघवीला जळजळ व्हायची. किती महिने व्हायची. तिला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी मी डब्यातल्या गोळ्या दिल्या. तुझ्या दाढेच्या, पोरीच्या घशाच्या, पलीकडच्या म्हाताऱ्याच्या. दोन आज, तीन पुढच्या महिन्यात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती मला वाचवायला खोटं बोलली, आणि मी वाचले."

मग मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मावशी, अहो काय हे! चारचौघांत असलं बोलायचं?"

"चारचौघांतच बोलायचं. नळ सोडून बोललो म्हणून ती गेली."

मुलगा आईकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी संताप आला, तो तोंडापर्यंत पोचला, आणि तिथंच विझला. काहीतरी त्याला आठवत होतं. तो हळूहळू पायरीवर बसला.

"मला सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सांधा घेताना. दात, जखम आणि... ते. ते झालं तर लगेच आणा म्हणून. मी दोन सांगितली घरी. तिसरं... तुम्हा बायकांसमोर कसं बोलायचं म्हणून..." सळई त्याच्या हातातून सुटली आणि पायऱ्यांवरून आपटत कारखान्यापर्यंत गेली.

सासूबाई त्याच्या शेजारी टेकल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण आईकडे पाहिलंही नाही. दोघांच्या मधे जी बसायला हवी होती ती नव्हती.

माणसं पांगू लागली. बायकाही आपापल्या चपला शोधू लागल्या. सासूबाई आत आल्या तरी मशीनवाली तेवढी उठली नाही. ती भिंतीला टेकून होती, एक हात ओटीपोटावर.

"मावशी," ती म्हणाली, आणि सवयीनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला, "तुम्ही मला मागं दिल्या होत्या ना गोळ्या... माझंही ते अजून जात नाहीये. ताप येतो संध्याकाळी."

सासूबाईंच्या अंगातली उरलीसुरली ताकद जणू त्या एका वाक्यानं गोळा झाली. त्या दारात आल्या. मशीनवालीचा नवरा सळई भिंतीशी टेकवून खाली उतरत होता.

"थांब," त्या खड्या आवाजात म्हणाल्या. "तुझ्या बायकोला लघवीला जळजळ होते. संध्याकाळी ताप येतो. आत्ता दवाखान्यात ने. दाराबाहेर उभा राहू नकोस, तिच्यासोबत आत जा. आणि डॉक्टर जेवढे दिवस औषध सांगतील तेवढे दिवस तिला दे, बरं वाटलं तरी दे."

तो माणूस कानापर्यंत लाल झाला. त्यानं आजूबाजूच्या पुरुषांकडे पाहिलं. सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते. मग त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

एवढंच विचारलं. पण मशीनवालीला रडू फुटलं. इतक्या वर्षांत तिला ते कोणी विचारलं नव्हतं. तो चार पायऱ्या परत वर आला आणि तिला हात दिला.

ती दोघं गेली. जिन्याखाली दार वाजलं. चपला शोधणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या होत्या. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या कडेवर मूल. सासूबाईंनी भिंगरीला जवळ ओढून मांडीशी घेतलं, आणि त्या सगळ्यांकडे वळल्या.

"आणखी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

एकीनं हातातल्या चपला पुन्हा खाली ठेवल्या. कोणी निघून गेलं नाही.